आपोआप उगवलेल्या अनोळखी रोपाचं नाव सापडेपर्यंतचे १३४ दिवस

वाफ्याची माती वीतभर खोल उकरून उलटीपालटी केली आणि साधारण तीन आठवड्यांनी एका कोपऱ्यात हे रोप दिसलं. खाली दोन लांबट, टोकाकडे निमुळती बीजपत्रं, वर तीन खरी पानं, उंची जेमतेम चार सेंटिमीटर. त्या जागी काहीच पेरलेलं नव्हतं. हा पहिला दिवस. पुढे दिलेले दिवस यापासून मोजले आहेत.

अशा वेळी सर्वांत आधी रोपाशेजारी एक काडी रोवावी आणि तिच्यावर क्रमांक आणि तारीख लिहावी. अनोळखी रोपं हातून जातात ती बहुतेक वेळा पुढच्या खुरपणीत, आणि खुरपणारा हात दुसऱ्याचा असेल तर हमखास. त्याच दिवशी वहीत चार गोष्टी टिपून ठेवाव्यात : माती शेवटची कधी उकरली, कंपोस्ट कुठून आलं, जवळपास पक्ष्यांना दाणे टाकले जातात का, आणि अशीच रोपं आणखी कुठे आहेत का. आगंतुक रोप येण्याच्या मुख्य वाटा याच. काही तणांच्या बिया मातीत वर्षानुवर्षे निजून राहतात आणि माती उलटून उजेड मिळाला की रुजतात. पक्ष्यांच्या दाण्यांत तर दूरदूरच्या शेतांतल्या तणांचं बी मिसळलेलं असतं. रोप नक्की कुठल्या वाटेने आलं ते नंतर सांगता येत नाही, पण ही नोंद शेवटी फार उपयोगी पडते.

आणखी एक नियम पहिल्या दिवसापासून पाळायचा. नाव कळेपर्यंत कुठलाही भाग तोंडात घालायचा नाही, चवीपुरताही नाही. तोडताना हातमोजे घालायचे आणि काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावायचे नाहीत. या रोपाच्या बाबतीत ही काळजी किती रास्त होती ते पुढे येईलच.

बाराव्या दिवशी सहा पानं झाली आणि पहिले फोटो काढले. फोटोवरून झाडाचं नाव सुचवणाऱ्या प्लांटनेट या ॲपवर आणि निसर्गनोंदींच्या आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळाच्या सुचवणीत ते टाकून पाहिले. तीन फोटो आणि उत्तरंही तीन : रानपोपटी, धोत्रा आणि रिंगणीच्या प्रजातीतलं (म्हणजे जवळच्या जातींच्या गटातलं) एक झुडूप. अशा वेळी गोंधळ होतो आणि वरच्या क्रमांकाचं उत्तर खरं मानावंसं वाटतं. पण ही साधनं फोटोची तुलना फोटोशी करतात. कोवळ्या वयात या झाडांची पानं इतकी सारखी असतात की फोटोत फरक उरतच नाही. उत्तरं वेगवेगळी आली की त्यांच्यात समान काय आहे ते पाहावं. इथे तिन्ही नावं एकाच कुलातली निघाली, सोलॅनेसी, म्हणजे टोमॅटो-वांग्याचं कुल. जातीचं नाव सोडून दिलं तरी कुलाचा हा धागा मोलाचा होता. मात्र तोही तपासून घेणं भाग होतं.

पुढचे चाळीस दिवस फूल नव्हतं. हा काळ सगळ्यांत कंटाळवाणा वाटतो आणि बहुतेक लोक इथेच नाद सोडतात. पण फुलाशिवायही बरंच वाचता येतं. पानं एकाआड एक होती, समोरासमोर नव्हती. पानाच्या देठाशी उपपर्णं, म्हणजे देठाच्या बुडाशी येणारी चिमुकली पानं, नव्हती. हे नीट पाहावं लागतं, कारण उपपर्णं लवकर गळतात आणि जुन्या पानाशी पाहिलं तर नाहीत असंच वाटतं. शेंड्याजवळच्या सर्वांत कोवळ्या पानाशी पाहायचं. एक पान देठाशी तोडून चीक येतो का ते पाहिलं, आला नाही. पांढरा चीक आला असता तर सगळी दिशाच बदलली असती, आणि काही झाडांचा चीक डोळ्यांना घातक असतो म्हणून मोजे आधीच चढवलेले होते. खोडाला उभे कंगोरे होते, बोट फिरवलं की सहज कळणारे. पानांच्या कडा ओबडधोबड दातेरी, आणि पान देठाकडे उतरताना चिंचोळं होत गेलेलं.

एक खूण मात्र साध्या डोळ्यांना जवळजवळ दिसतच नव्हती. दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला अगदी टेकवून धरायचं आणि पान हळूहळू भिंगाकडे आणायचं. भिंग हातात लांब धरून पाहिलं तर काही दिसत नाही, ही चूक सुरुवातीला सगळ्यांची होते. असं पाहिल्यावर पानाच्या वरच्या बाजूवर विरळ विखुरलेले ताठ केस दिसले आणि प्रत्येक केसाच्या बुडाशी जांभळट काळा, किंचित उचललेला ठिपका. पान तिरपं धरून बाजूने उजेड पाडला की ते ठिपके उठून दिसतात. रानपोपटीच्या पानावर असे ठिपके नसतात. अश्वगंधेचीही शंका मनात होती, कारण तिचंही फळ फुगीर वेष्टनात असतं. पण अश्वगंधेची लव फांद्या फुटलेल्या केसांची असते आणि सगळं झाड त्या लवेने करडट दिसतं. इथे केस सुटे आणि साधे होते. अश्वगंधा तिथेच बाद झाली.

४७व्या दिवशी पानाजवळ पहिली कळी आली, एकटी, झुपक्यात नाही. तोवर झाड सत्तर सेंटिमीटर झालं होतं. ५२व्या दिवशी कळी उमलायला हवी होती, पण सकाळी सातला फूल मिटलेलं आणि संध्याकाळी सहालाही मिटलेलंच. असं तीन दिवस चाललं. फूल कोमेजून गळतंय असं वाटू लागलं होतं. चौथ्या दिवशी दुपारी पाहिलं तेव्हा ते पूर्ण उघडं होतं : फिकट निळं, घंटेसारखं, साडेतीन सेंटिमीटर रुंद, आत घशाशी पांढरं. हे फूल दिवसाच्या मध्यावर काही तासच उघडतं. कामाच्या वेळा सांभाळून बाग पाहणाऱ्याला ते कधीच दिसणार नाही. अनोळखी झाडाला फूल येतच नाही असं वाटत असेल तर एक दिवस दर दोन तासांनी जाऊन पाहावं, अगदी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. रात्री उमलणारी फुलंही अशीच नजरेतून सुटतात.

फुलाचे फोटो समोरून काढायची सगळ्यांना सवय असते. ओळखीसाठी मात्र मागून काढलेला फोटो जास्त कामाचा. निदलपुंज, म्हणजे फुलाखालची हिरवी पानं, मागूनच दिसतात, आणि या झाडाची खरी खूण तिथेच होती. एक समोरून, एक बाजूने, एक मागून, एक फूल उभं चिरून, आणि शेजारी मोजपट्टी, इतके फोटो हवेतच. निळ्या रंगाबाबत मोबाइलच्या कॅमेऱ्यावर विसंबू नये. कडक उन्हात तो निळा जांभळा दाखवतो आणि सावलीत भलताच गडद. रंग डोळ्यांनी पाहून शब्दांत लिहावा.

५८व्या दिवशी झाडावर एका वेळी चार-पाच फुलं येऊ लागली, तेव्हा एक तोडून उघडलं. लागणारं सामान म्हणजे दाढीचं नवं पातं, दोन टाचण्या, पांढरा कागद आणि भिंग. फूल देठाजवळून एका बाजूने उभं चिरायचं आणि पुस्तकासारखं उघडून टाचण्यांनी पसरायचं. पाकळ्या पाच, पण जवळजवळ कडेपर्यंत एकमेकींना जोडलेल्या. पुंकेसर पाच, दलपुंजाच्या, म्हणजे जुळलेल्या पाकळ्यांच्या, नळीला चिकटलेले, आणि त्यांच्या बुडाशी दाट लव. परागकोश उभ्या चिरांनी फुटलेले होते. ही चीर महत्त्वाची आहे. रिंगणी-वांग्याच्या प्रजातीत परागकोशाच्या टोकाला भोकं पडतात आणि पराग तिथून बाहेर येतात. इथे भोकं नव्हती, म्हणजे बाराव्या दिवशीच्या तीन उत्तरांपैकी तिसरं गेलं. अंडाशय पाकळ्यांच्या बुडाच्या वर बसलेला होता. उपपर्णं नाहीत, पानं एकाआड एक, पाच जुळलेल्या पाकळ्या, पाच पुंकेसर, वरचा अंडाशय, या सगळ्यावरून कुल सोलॅनेसी हे आता आपल्या डोळ्यांनी ठरलं.

मग अंडाशयाचा आडवा काप घेतला. तो मोहरीपेक्षा थोडाच मोठा असतो, त्यामुळे हातात धरून कापता येत नाही. फुलाचं बूड कागदावर बोटाने दाबून धरायचं आणि पातं एकाच दमात ओढायचं. करवतीसारखं पुढेमागे केलं तर आतले पडदे फाटतात आणि कप्पे मोजता येत नाहीत. पहिले दोन अंडाशय असेच वाया गेले. तिसऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकला आणि भिंगाखाली धरला. या कुलातल्या बहुतेक झाडांत अंडाशयाचे कप्पे दोन असतात. इथे पाच होते, तेही सारखे नाहीत, वेडेवाकडे, प्रत्येकात पांढऱ्या बीजांडांची गर्दी. आणखी दोन फुलं तपासली, एकात चार निघाले आणि एकात पाच. एका फुलावर कधीच भरवसा ठेवू नये, निदान तीन पाहावीत. धोत्र्याच्या बाबतीत इथे फसगत होऊ शकते, कारण त्याच्या अंडाशयात खालच्या भागात जादा पडदे येतात आणि दोनाचे चार कप्पे दिसतात. म्हणून काप मधोमध एक आणि वरच्या टोकाजवळ एक असा घ्यायचा. धोत्र्यात वर दोनच उरतात. इथे वरही कप्पे कमी झाले नाहीत, दोन्ही कापांत सारखेच निघाले. शिवाय धोत्र्याचं फूल लांब कर्ण्यासारखं असतं आणि हे उथळ घंटेसारखं, त्यामुळे धोत्राही गेला.

उरली रानपोपटी. ६०व्या दिवशी ओळखकिल्ली उघडली. वनस्पतिकोशात दर पायरीवर दोन पर्याय देतात, एक निवडायचा आणि पुढच्या पायरीवर जायचं. चूक होते ती घाईमुळे. किल्लीत ‘फळावरचं वेष्टन फुगीर’ असं विचारलेलं असतं आणि आपल्यापुढे नुसतं फूल असतं. फुलात निदलं लहान असतात, ती फळाबरोबर वाढतात. फुलावरून ‘फुगीर नाही’ असं उत्तर दिलं की किल्ली भलत्याच वाटेला नेते. ज्या पायरीला लागणारा भाग झाडावर अजून आलेलाच नाही तिथे थांबायचं, पेन्सिलने खूण करायची आणि वाट पाहायची.

किल्लीची दुसरी अडचण याहून मोठी आहे. किल्लीला फक्त तिच्या कोशात असलेलीच झाडं माहीत असतात. बाहेरून आलेलं, त्या कोशात न नोंदलेलं झाड तिच्यातून नेलं तर ती ‘माहीत नाही’ असं म्हणत नाही, सर्वांत जवळचं चुकीचं नाव हातावर ठेवते. बागेत आपोआप उगवलेलं अनोळखी झाड परदेशी असण्याची शक्यता खूप असते, म्हणून जुन्या स्थानिक कोशाने दिलेलं नाव तसंच स्वीकारू नये. नाव मिळालं की त्याचं पूर्ण वर्णन काढून एकेक ओळ झाडाशी ताडून पाहावी. इथे जुन्या कोशाने सरळ रानपोपटी सांगितली. वर्णन मात्र जुळेना : फुलं फिकट पिवळी, अंडाशयाचे कप्पे दोन, निदलं खाली एकमेकांना जुळलेली. आपल्या झाडाची निदलं जवळजवळ बुडापर्यंत सुटी होती. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक निदलाचा खालचा भाग बाणाच्या टोकासारखा होता, दोन्ही बाजूंना टोकदार कान काढलेला. शेजारशेजारची निदलं त्या कानांनी एकमेकांना दाबून उभी होती, त्यामुळे फुलाखाली पाच पंखांसारख्या कडा तयार झाल्या होत्या. कळी बोटांत धरून फिरवली की त्या पाचही कडा बोटांना लागत.

मग फक्त प्रजाती ओळखणारी, सोलॅनेसी कुलाची जागतिक किल्ली घेतली. कप्पे तीन ते पाच, निदलं बाणाच्या आकाराची, फूल निळं, या तीन पायऱ्यांत ती निकँड्रा या प्रजातीवर येऊन थांबली. जात निकँड्रा फिजॅलोडिस, मूळची पेरू आणि आसपासची. इंग्रजीत तिला ‘ॲपल ऑफ पेरू’ किंवा ‘शू-फ्लाय प्लांट’ म्हणतात. आता ती उष्ण आणि समशीतोष्ण भागांत जगभर तण म्हणून पसरली आहे. झाड विषारी आहे. रानपोपटीचं गोड फळ लोक खातात, आणि बाराव्या दिवशी पडद्यावर सर्वांत वर रानपोपटीचंच नाव होतं. नुसत्या फोटोवर विसंबून फळाची चव पाहणं किती धोक्याचं आहे ते यावरून कळावं.

६१व्या दिवशी सगळे फोटो आयनॅचरलिस्टवर नोंद म्हणून टाकले. इथे दोन बाबी नीट भराव्या लागतात. ‘लागवडीचं’ ही खूण फक्त माणसाने लावलेल्या झाडाला करायची. बागेत असलं तरी आपोआप उगवलेलं झाड रानटीच धरलं जातं. चुकून लागवडीचं म्हटलं की नोंद ‘रिसर्च ग्रेड’, म्हणजे अभ्यासाला वापरण्याजोग्या, दर्जाला पोचत नाही आणि जाणकारही तिच्याकडे कमी फिरकतात. दुसरी बाब ठिकाणाची. घराचा नेमका पत्ता नकाशावर जाऊ नये म्हणून ठिकाण ‘अस्पष्ट’ ठेवता येतं, मग तिथे ०.२ अंशांच्या चौकोनातला कुठलाही बिंदू दिसतो. पहिलं मत दोन दिवसांत आलं, तेही रानपोपटीचं. त्यावर वाद घालण्याऐवजी अंडाशयाच्या कापाचा आणि निदलांच्या मागच्या बाजूचा फोटो जोडला आणि कोणत्या खुणेवरून वेगळं वाटतं ते दोन ओळींत लिहिलं. पाच दिवसांनी दोघांनी निकँड्रा म्हटलं आणि पहिल्यानेही आपलं मत बदललं. दोन तृतीयांशाहून अधिक मतं एका नावावर आली की तो दर्जा मिळतो. तो उपयोगी आहे, पण त्याचा अर्थ एवढाच की फोटो पाहणाऱ्यांचं एकमत झालं. म्हणून हर्बेरियमकडे, म्हणजे दाबून वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाकडे, नमुनाही पाठवायचा ठरवला.

त्यासाठी फळ हवं होतं. ७८व्या दिवशी निदलं तीन सेंटिमीटरपर्यंत वाढून कागदी कंदिलासारखी झाली. आत फळ दीड सेंटिमीटरचं, रसाळ नाही, पिकल्यावर तपकिरी आणि कोरडं. रानपोपटीचं फळ रसाळ असतं, म्हणजे राहिलेली शंकाही फिटली. मग पेन्सिलने खूण केलेल्या पायरीवर परत जाऊन किल्ली पुन्हा पहिल्यापासून चालवली.

८४व्या दिवशी नमुना दाबला. खोडाचा साधारण ३५ सेंटिमीटरचा तुकडा घेतला, ज्यावर कळी, फूल आणि फळ तिन्ही होतं. हर्बेरियमचा कागद साधारण ४२ बाय २९ सेंटिमीटर असतो, त्यात बसेल असाच तुकडा घ्यावा. एक-दोन पानं उलटी ठेवावीत म्हणजे खालची बाजू दिसते. एक फूल उघडून पसरावं. फुगीर फळ तसंच दाबलं तर वेष्टन फाटतं आणि शेजारची पानं नीट दाबली न जाता सुरकुततात. फळ अर्धं कापून ठेवावं आणि त्याच्या भोवती कागदाच्या घड्या घालून उंची सारखी करावी. खाली-वर रद्दी आणि टीपकागद, त्यावर फळी, फळीवर दहा-बारा किलो वजन. पहिले चार दिवस कागद रोज बदलायचे. इथे आळस केला की दुसऱ्याच दिवशी पानं काळी पडू लागतात आणि तिसऱ्या दिवशी बुरशी येते. नमुना गालाला लावल्यावर गार लागत असेल तर तो अजून ओला आहे. याला नऊ दिवस लागले. वाळल्यावर कीड मरावी म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून आठवडाभर उणे २० अंशांवर ठेवला.

निळा रंग वाळताना उडतो. फूल कागदी, मळकट पांढरं होऊन जातं आणि सहा महिन्यांनी पाहणाऱ्याला ते निळं होतं हे कळायला काही मार्ग नसतो. म्हणून चिठ्ठी नमुन्याइतकीच महत्त्वाची. चिठ्ठीवर ठिकाण आणि अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि क्रमांक, झाडाची उंची, फुलाचा रंग आणि उमलण्याची वेळ, माती आणि जागा हे सगळं असलं पाहिजे. पहिल्या दिवशीची उकरलेल्या मातीची नोंद इथे उतरवली.

कुठल्या भागात कोणतं हर्बेरियम आहे ते ‘इंडेक्स हर्बेरिओरम’ या सूचीत मिळतं. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डन ती चालवतं आणि जगभरातली ३००० हून अधिक हर्बेरियम तिच्यात आहेत. आपल्याच देशातलं निवडावं, कारण सीमेपलीकडे झाडाचा भाग पाठवायला वेगळ्या परवानग्या लागतात. आधी न विचारता पार्सल पाठवू नये. ९५व्या दिवशी फोटो जोडून पत्र लिहिलं, आठवड्याने होकार आला, मग नमुना पाठवला. बहुतेक ठिकाणी ओळख करून देण्याच्या बदल्यात नमुना संग्रहात ठेवून घेतात. म्हणून पाठवतानाच त्याच झाडाचा दुसरा नमुना, म्हणजे जोडनमुना, आपल्याकडे त्याच क्रमांकाने ठेवावा. मोठा खर्च कशाचाच झाला नाही, विकत घ्यावं लागलं ते फक्त भिंग.

वाट पाहण्याच्या काळात नावाचा कागदोपत्री भाग तपासला. हे झाड स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये ॲट्रोपा प्रजातीत टाकलं होतं, आदांसाँने १७६३ मध्ये निकँड्रा ही प्रजाती वेगळी केली आणि गेर्टनरने १७९१ मध्ये आजचं नाव रूढ केलं. वनस्पती आणि विषांवर लिहिणारा निकँडर नावाचा प्राचीन ग्रीक कवी होता, प्रजातीचं नाव त्याच्यावरून आलं. ‘फिजॅलोडिस’ म्हणजे फिजॅलिससारखं, आणि फिजॅलिस ही रानपोपटीची प्रजाती. ज्या साम्याने बाराव्या दिवशी फसवलं तेच नावात लिहिलेलं आहे. बऱ्याच जुन्या पुस्तकांत ‘फिजॅलॉइडिस’ असंही लिहिलेलं आढळतं, त्यामुळे शोध दोन्ही रूपांनी घ्यावा, नाहीतर बऱ्याच नोंदी हातून सुटतात. सध्या कोणतं रूप मान्य आहे ते लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ या संकेतस्थळावर पाहता येतं.

१३४व्या दिवशी हर्बेरियमचं उत्तर आलं, तीन ओळींचं : निकँड्रा फिजॅलोडिस, निदलांवरून आणि कप्प्यांवरून निश्चित, नमुना संग्रहात घेतला आहे, क्रमांक अमुक. तो क्रमांक वहीत पहिल्या दिवशीच्या नोंदीसमोर लिहिला आणि आयनॅचरलिस्टवरच्या नोंदीतही जोडला.

तोवर झाड सव्वा मीटर झालं होतं आणि कंदील खालून वाळायला लागले होते. एका फळात तपकिरी, दीड मिलिमीटरच्या बारीक बियांचा ढीग असतो आणि फळ फुटलं की त्या तिथेच मातीत मिसळून जातात. म्हणून वाळत आलेले सगळे कंदील मोजे घालून, कागदी पिशवी खाली धरून, कात्रीने कापून घेतले. ते कंपोस्टमध्ये टाकले नाहीत, कारण घरगुती कंपोस्टची उष्णता अशा बिया मारायला पुरेलच असं नाही. झाड मात्र मुळासकट उपटलं नाही. फुलं येत राहतील तोवर ठेवायचं आणि दर आठवड्याला फळं काढायची असं ठरवलं आहे. काडीच्या डाव्या हाताला, वीतभर अंतरावर, काल दोन लांबट बीजपत्रं वर आली आहेत. त्यांच्याही शेजारी काडी रोवली आहे.